मानेच्या खोल जागांतला संसर्ग : प्रस्तावना

दाढदुखीने माणूस दगावतो, हे आज कोणाला पटत नाही. दाढेखाली लवंग धरावी, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात, फारच ठणका लागला तर औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणावी, हा घरोघरचा क्रम. आणि बहुतेकदा तो पुरतोही. जिथे तो पुरला नाही, तिथला रुग्ण कान-नाक-घसा विभागात रात्री उशिरा पोचतो. तो आडवा होत नाही, पुढे वाकून बसतो. हनुवटीखालची कातडी ताठ, हाताला लाकडासारखी कडक लागते. जीभ वर ढकललेली असते. थुंकी गिळवत नाही म्हणून लाळ रुमालाने पुसणे चाललेले असते. सोबतचे लोक सांगतात, चार-पाच दिवस दाढ दुखत होती, बाकी माणूस ठणठणीत. त्या चार-पाच दिवसांत दाढेपासून श्वासनलिकेपर्यंत काय घडले, ते कोणाच्या बाबतीत घडते आणि त्या रात्री आधी काय करायचे, एवढाच या विषयाचा पसारा. बाहेरून तो आटोपशीर दिसतो. आत शिरल्यावर तसा राहत नाही.

पाठ्यपुस्तकात हा विषय एका प्रकरणात बसवलेला असतो आणि विद्यार्थी तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागांची नावे घोकून संपवतात. मीही त्यांतलाच. प्रत्यक्षात मात्र या रुग्णाला पहिल्यांदा पाहतो तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर, तालुक्याचा दंतवैद्य किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी. पुढे भूलतज्ज्ञ लागतो, स्कॅन वाचणारा लागतो, साखर आवरणारा फिजिशियन लागतो, आणि पू छातीत उतरला असेल तर छातीचा शल्यविशारदही. या विषयाला एकच मालक नाही. म्हणून या प्रांतात पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना माझ्या डोळ्यांसमोर तज्ज्ञापेक्षा तो पहिला डॉक्टर अधिक आहे. त्याच्याकडे स्कॅन नसतो. डोळे, बोटे आणि विचारायचे चार प्रश्न असतात.

आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांच्या अध्यायात कंठाच्या रोगांची मोठी यादी येते. तीत गलविद्रधी आहे आणि गलौघही आहे. अन्नपाणी अडवणारी, तीव्र ताप आणणारी, श्वास कोंडणारी ही दुसरी मोठी सूज असाध्य रोगांत मोजलेली आहे. आजच्या एखाद्या निदानाशी तिची नेमकी सांगड घालण्याचा मोह आवरलेलाच बरा. पण गळ्याची कोणती सूज औषधाला दाद देते आणि कोणती माणूस घेऊन जाते, हा फरक तेव्हाच्या वैद्यांनी पाहिला होता एवढे नक्की. युरोपात १८३६ साली स्टुटगार्टचे विल्हेल्म फ्रिडरिश फॉन लुडविग यांनी पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते. तरी त्यांनी टिपलेल्या गोष्टी आजही तशाच्या तशा लागू पडतात : घशात दाह जुजबी, पण जबड्याखाली लाकडी कडकपणा, जिभेखाली तसाच कडक फुगवटा, सुजेची कड स्पष्ट, आणि आसपासच्या ग्रंथी मात्र सुटलेल्या. पू शोधायला जावे तर तो फारसा नसतोच. ‘लुडविग आलाय’ एवढे दोन शब्द ऐकले की आजही वॉर्डात ट्रेकिऑस्टॉमीचा संच बाहेर निघतो.

आता मानेच्या रचनेकडे वळू, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. मानेतले स्नायू, रक्तवाहिन्या, अन्ननलिका आणि श्वासनलिका यांना चिवट पटलांनी गुंडाळलेले असते. या पटलांना फॅशिया म्हणतात. ग्लासगोच्या ॲलन बर्न्स यांनी १८११ साली त्यांचे वर्णन केले आणि त्यानंतर शतकभर शरीररचनातज्ज्ञ थर किती आणि कोणता कुठे संपतो यावर वाद घालत राहिले. १९३८ साली ग्रोडिन्स्की आणि होलियोक यांनी वाद बाजूला ठेवून मृतदेहांच्या मानेत रंगीत जिलेटिन टोचले आणि ते कुठवर पसरते, कुठे अडते हे पाहिले. आपण आज वापरतो तो नकाशा मुख्यतः त्यांचाच. दोन पटलांमधली फट निरोगी माणसात जवळपास नसतेच. पू तिथे शिरून ती जागा तयार करतो. जुन्या वाड्यातल्या खोल्यांसारखी ही मांडणी आहे : भिंती जाड, पण दारे एकमेकींत उघडणारी, आणि शेवटचे दार सरळ तळघरात.

दाढेपासून सुरुवात केली तर हा प्रवास स्पष्ट दिसतो. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला मायलोहायॉइड नावाचा स्नायू चिकटलेला असतो. तोंडाची जमीन तोच. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळे या स्नायूच्या रेषेखाली उतरतात, म्हणून त्यांचा पू थेट जबड्याखालच्या जागेत येतो. पुढच्या दातांची मुळे रेषेच्या वर, म्हणून त्यांचा पू जिभेखाली. दोन्ही जागा स्नायूच्या मागच्या कडेला एकमेकींत उघडतात. दोन्ही भरल्या की जिभेला वर आणि मागे सरकण्यावाचून वाट उरत नाही, आणि मागे श्वासाचा मार्ग असतो. तिथून पू घशाच्या बाजूच्या जागेत, पुढे घशाच्या मागच्या जागेत आणि त्याच्याही मागे दोन पातळ पटलांमधल्या फटीत जाऊ शकतो. या शेवटच्या फटीला इंग्रजी ग्रंथांनी धोक्याची जागा असेच नाव दिले आहे. ती कवटीच्या तळापासून छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत अखंड आहे. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत निर्माण होणारा ऋण दाब आणि गुरुत्वाकर्षण मिळून पू खाली ओढतात. याशिवाय कॅरॉटिड धमनी आणि मोठी जुगुलर शीर ज्या आवरणातून जातात, तेही एक मार्गच. हॅरिस मोशर यांनी १९२९ साली या आवरणाला अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या लिंकन हायवेचे नाव दिले. त्या शिरेत संसर्ग शिरून रक्ताची गुठळी झाली आणि तिचे कण फुप्फुसात गेले, तर काय होते ते आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली लिहून ठेवले : वीस रुग्ण, त्यांतले अठरा दगावले. बहुतेक तरुण, सुरुवात साध्या घसादुखीने.

या पटलांचा चिवटपणा आणखी एका अर्थाने नडतो. कातडीखालचे गळू पिकले की बोटाखाली लिबलिबते आणि आजीलाही ते कळते. खोल पू लिबलिबत नाही. वरून फार तर जराशी सूज दिसते, कधी तीही नाही. मग वाचायच्या त्या आडवळणाच्या खुणा : तोंड उघडायला त्रास, मान वळवताना अडखळणे, गिळताना कळ, आवाजात अडकल्यासारखा बदल, लाळ गळणे, आणि दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच जास्त वाटणारे आजारपण. खुणा आधीच मोजक्या. जोखमीचे घटक म्हणून ज्यांची यादी आपण पाठ करतो, ते नेमक्या याच खुणा पुसून टाकतात. मधुमेह, तंबाखू, वय, औषधे यांमुळे आजाराची शक्यता वाढते हे खरेच. पण त्यांच्यामुळे आजार ओळखायची रीतही बदलावी लागते, ही गोष्ट ग्रंथांत पुरेशी ठसवली जात नाही, असे माझे मत आहे.

मधुमेहाचे पाहा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्यांतल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक नसते, आणि मानेतल्या पुवासाठी भरती झाल्यावर केलेली रक्ततपासणी हीच कित्येकांची पहिली तपासणी ठरते. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचायला आणि त्यांना गिळायला मंदावतात. म्हणून संसर्ग एका जागेत थांबत नाही, दोन-तीन जागांत पसरतो, छातीत उतरण्याची भीती वाढते. जंतूही बदलतात. एरवी या पुवात तोंडातलेच स्ट्रेप्टोकोकाय आणि हवेशिवाय वाढणारे जंतू एकत्र नांदतात. मधुमेहात क्लेबसिएला न्यूमोनी पुढे येतो, हे तैवानमधल्या रुग्णमालिकांनी वारंवार दाखवले. आणि खुणांचे काय? ताप माफक, वेदना माफक. ‘एवढे काही दुखत नाही हो’ असे म्हणणाऱ्या साठीच्या मधुमेही बाईची मान उघडावी तर आत वाटीभर पू निघतो. संसर्ग साखर वाढवतो आणि वाढलेली साखर संसर्गाला वाव देते, म्हणून इन्सुलिन हा इथे उपचाराचाच भाग आहे.

तंबाखू आणि सुपारीची गोष्ट आपल्या भागाची खास आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; पानटपरीवर उभे राहिलेल्याला त्याबद्दल जे दिसते ते सांगायला नको. शिवाय मिश्री आहेच. गावाकडच्या कितीतरी बायका ती सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. सुपारीमुळे तोंडातले अस्तर हळूहळू तंतुमय आणि ताठ होते. १९५३ साली एस. जी. जोशी यांनी या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव रूढ केले. अशा माणसाचे तोंड वर्षानुवर्षे दोन बोटे, कधी एकच बोट उघडते. मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही, दंतवैद्याची हत्यारे पोचत नाहीत, म्हणून दाढा कुजतात. संसर्ग झाला की तोंड उघडेना होणे ही आपली सर्वांत भरवशाची खूण, पण याचे तोंड आधीच मिटलेले. ‘पूर्वी किती बोटे जात होती आणि आता किती जातात?’ हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. पुढे भूल देतानाही हाच फरक जिवावर येतो. सुजेने आखडलेले स्नायू औषधाने सैल पडण्याची थोडी तरी शक्यता असते. तंतूंनी आखडलेले तोंड कोणत्याही भुलीने उघडत नाही.

गोळ्यांबद्दलही दोन शब्द. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या खाल्ल्याने हा आजार बळावतो का, यावर वाद आहे. ज्यांचे जास्त दुखते तेच जास्त गोळ्या खातात, त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करणे सोपे नाही. पण ताप आणि वेदना दबतात, यात वाद नाही. पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांत कधी स्टिरॉइडही असते. सूज दोन दिवस ओसरते, रुग्णाला बरे वाटते, तिसऱ्या दिवशी तो वाकून बसलेला येतो. अर्धवट घेतलेले प्रतिजैविकही असाच घोळ घालते. म्हणून ‘काय घेतलेत?’ एवढे विचारून भागत नाही, पुडी दाखवायला सांगावी. वरची दाढ काढली की नजर जाते या समजापायी कुजलेली दाढ वर्षभर सांभाळलेली माणसे आपल्याकडे आहेतच. खालच्या दाढेलाही तो समज लागू केलेला मी ऐकला आहे.

लहान मुलांचे गणित निराळे. घशाच्या मागच्या जागेत त्यांच्या लसिकाग्रंथी असतात, चार-पाच वर्षांनंतर त्या आक्रसतात. म्हणून घशामागचा तीव्र पू हा प्रामुख्याने लहानग्यांचा आजार. नाक-घशाच्या साध्या संसर्गामागून येणारा. मूल सांगू शकत नाही. ते मान एका बाजूला धरून ठेवते, दूध नाकारते, लाळ गाळते, आणि मान ताठ दिसली म्हणून मेंदूज्वर समजून पाठीतले पाणी काढायची तयारी होते. ज्या गावात स्कॅन नाही तिथे मानेचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे कामाला येतो : दुसऱ्या मणक्यासमोर मऊ भागाची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर संशय घ्यावा. मूल रडत असेल किंवा मान वाकवून असेल तर ही जाडी खोटी फुगते, हे लक्षात ठेवूनच. मोठ्या माणसात याच जागी पू दिसला तर माशाचा काटा टोचल्याची आठवण विचारावी. कोकणात आणि गोव्यात तर हमखास. आणि सूज अगदी मध्यभागी, ताप हलका, दुखणे महिन्याचे असेल तर मणक्याच्या क्षयाकडे बघावे. तीव्र पू घशामागच्या मधल्या शिवणीमुळे एका बाजूला राहतो, क्षयाचा थंड पू मणक्यांसमोरच्या पटलाच्याही मागे असल्याने मधोमध येतो. हा थंड पू तोंडातून फोडू नये. काढायचाच झाला तर बाहेरून, मानेतून काढावा, आणि क्षयाची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत द्यावीत.

पश्चिम किनाऱ्याचा आणखी एक पाहुणा आहे, मेलिऑयडोसिस. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जंतू ओल्या मातीत, भाताच्या खाचरात राहतो, पावसाळ्यात माणसात शिरतो आणि त्यातही मधुमेह्यांना गाठतो. मानेच्या ग्रंथीत किंवा गालाच्या लालाग्रंथीत गळू करतो. प्रयोगशाळेत साधा स्यूडोमोनास म्हणून त्याची नोंद होऊन सुटू शकते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी तो आटोक्यात येत नाही. आधी सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून आणि मग कोट्रायमोक्साझोल कित्येक महिने, असा लांबचा पल्ला असतो. शेतात राबणारा मधुमेही, पावसाळा आणि न हटणारा पू, हे तिन्ही जुळले की प्रयोगशाळेला फोन करून या जंतूचे नाव घेऊन विचारावे.

उपचारांत क्रम महत्त्वाचा : आधी श्वास, मग पू, आणि जंतूंवरची औषधे दोन्हींच्या बरोबरीने. श्वासाचा घरघर आवाज ही उशिराची खूण. त्याची वाट बघू नये. जो रुग्ण बसून श्वास घेतो त्याला स्कॅनच्या टेबलावर उताणे झोपवणे म्हणजे त्याने स्वतः सांभाळलेला मार्ग आपण बंद करणे. श्वासमार्ग हातात येण्यापूर्वी स्नायू सैल करणारे औषध देणे हीदेखील तशीच घोडचूक. अनुभवी भूलतज्ज्ञ असेल तर जागेपणीच नाकातून लवचिक दुर्बिणीवरून नळी घालता येते. नसेल, किंवा ते जमत नसेल, तर स्थानिक भुलीखाली ट्रेकिऑस्टॉमी. दोन्ही प्रसंगी गळ्याला छेद देणारा हात आधीच धुऊन तयार हवा. तालुक्याहून जिल्ह्याला पाठवताना हाच प्रश्न रुग्णवाहिका निघण्यापूर्वी सोडवायचा असतो, घाटात नव्हे.

या क्रमाचे मोल आकड्यांतही दिसते. अमेरिकेत ॲशबेल विल्यम्स यांनी १९४० साली लुडविगच्या आजाराचे ३१ रुग्ण नोंदवले; ५४ टक्के दगावले. १९४३ साली विल्यम्स आणि गुरालनिक यांनी २० रुग्णांची पुढची मालिका दिली. मृत्यू १० टक्के. सल्फा औषधे हाताशी होती, पण पेनिसिलिन अजून सर्रास मिळत नव्हते. त्यांनी श्वासमार्ग वेळेवर सुरक्षित केला आणि मान लवकर उघडून ताण मोकळा केला. प्रतिजैविकांनी पुढे चित्र आणखी पालटले आणि टॉन्सिलपासून सुरू होणारे खोल पू घटले, म्हणूनच मोठ्या माणसांत आज दात हे पहिले कारण उरले. पण प्रतिजैविक चालू आहे म्हणून सुरी थांबवायची, हा युक्तिवाद त्या दोन लेखांनंतर टिकत नाही.

स्कॅन रंगद्रव्यासह करावा आणि मानेबरोबर छातीचाही करावा, कारण पू छातीत उतरल्यावर सुरुवातीला छाती काही बोलत नाही. कडेने चमकणारे वलय दिसले की पू असे आपण म्हणतो. उघडल्यावर कधी फक्त सुजलेला मांसल भाग निघतो. स्कॅनवर विसंबून रुग्णाकडे पाठ फिरवणाऱ्याला हे खटकते. छातीत उतरलेल्या पुवासाठी जपानमधल्या एंदो यांनी १९९९ साली केलेली वर्गवारी वापरात आहे : श्वासनलिका जिथे दुभंगते त्याच्या वर थांबलेला पू मानेतून काढता येतो, खाली गेलेल्यासाठी छातीत शिरावे लागते. याहून क्रूर प्रकार ऊतींच्या सडण्याचा. कातडी काळसर, बोटाखाली हवेचे बुडबुडे करकरतात, आत घट्ट पुवाऐवजी पातळ, करडे, दुर्गंधीचे पाणी. इथे निर्जीव भाग रक्त दिसेपर्यंत काढावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी परत उघडून पुन्हा पाहावे लागते. नातेवाइकांना हे पहिल्याच संध्याकाळी सांगितलेले बरे.

मतभेदाच्या जागा अजून बऱ्याच आहेत आणि नव्या अभ्यासकाला त्यांतच रस वाटेल. श्वास मोकळा असलेल्या, तरतरीत मुलात अडीच सेंटिमीटरच्या आतला पू असेल तर एक-दोन दिवस शिरेतली औषधे देऊन वाट पाहण्याकडे कल वाढतो आहे. एकाच कप्प्यातला पू सोनोग्राफीखाली सुईने काढणे हाही मार्ग आहे. स्टिरॉइडने सूज उतरते आणि साखर चढते. मधुमेह्यात त्याचा तोल प्रत्येक वेळी नव्याने साधावा लागतो.

पू निघाल्यावर काम संपत नाही. दोषी दाढ त्याच भुलीत काढावी. ‘सूज उतरल्यावर या’ असे सांगितलेले पुष्कळ रुग्ण सूज उतरल्यामुळेच येत नाहीत. मुलाला डाव्या बाजूलाच पुनःपुन्हा गळू होत असेल तर घशाच्या तळाशी जन्मजात नळी राहिली आहे का, हे संसर्ग शमल्यावर बेरियम पाजून बघावे. आणि पन्नाशीपुढच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेतले गळू उघडताना पुवाबरोबर त्याच्या भिंतीचा तुकडाही तपासायला पाठवावा. टॉन्सिलच्या किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या कर्करोगाची मानेत उतरलेली गाठ आतून सडली की ती हुबेहूब गळूसारखी दिसते. पू निघून ताप उतरल्यावर घरी गेलेला रुग्ण दोन-तीन महिन्यांनी तीच गाठ घेऊन परत येतो.